उलथनं कुठलं, ते तव्यावर ठरतं

नॉनस्टिक खरवडतं म्हणून स्टीलची उलथनी, झारे सगळेच काढून टाका, असा सल्ला ऐकला; तो मला काही पटला नाही. सोलापुरात रोज ज्वारीच्या भाकरीसाठी लोखंडी तवा तापतो. त्याला स्टीलचं किंवा लोखंडाचंच पातळ धारेचं उलथनं हवं, भाकरीच्या कडेखाली अलगद सरकतं. तव्याला काही होत नाही. ओरखडा पडलाच तर तेलाचा हात फिरवायचा.

नॉनस्टिकवर मात्र धातू नकोच. तिथे लाकूड किंवा सिलिकॉन. सिलिकॉन घेताना आतली दांडी बघा. पातं वेगळं खोचलेलं असेल तर त्या फटीत तेल साचतं, धुताना निघत नाही, आणि महिन्याभरात वास येतो. एकसंध ओतीव घ्या, २०० अंशांच्या वर टिकतं असं लिहिलेलं. काळी नायलॉनची स्वस्त उलथनी मी तरी घेणार नाही. गरम कढईला टेकून ठेवली की कडा वितळून वाकड्या होतात. मेलामाइनचे डाव वाढण्यापुरते ठीक, ढवळायला नाहीत.

लाकडी पळी शिसवी किंवा बाभळीची, बिनपॉलिशची घ्या. सोलापुरात मधला मारुतीच्या बाजारात हातात घेऊन, बोट फिरवून बघता येते. रात्रभर पाण्यात भिजत टाकू नका (आमच्याकडे हे कुणी ऐकत नाही). चीर पडली की सरळ बदला.

आणि हो, रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या गॅसवर ठेवू नका. २६० अंशांपुढे तो थर खराब व्हायला लागतो, उलथनं कितीही भारी असलं तरी.