कसारा आणि कर्जत लोकल कल्याणला जोडून २४ डब्यांची गाडी: का नको?

शेवटचा_डबा: २९ ऑक्टोबर २०२२ ला स्वित्झर्लंडमध्ये चार-चार डब्यांचे २५ संच जोडून १०० डब्यांची, १.९ किलोमीटर लांब पॅसेंजर गाडी घाटातून उतरवली. आणि आपण? कल्याणच्या पुढे नवीन लोकल घुसवायला जागाच नाही म्हणून रडतोय. कसारा आणि कर्जत लाइन कल्याणला मिळतात, तिथेच कसाऱ्याची १२ आणि कर्जतची १२ डब्यांची लोकल जोडा. पुढे ठाणे, दादर, सीएसएमटी, बस्स.

यार्डमास्तर: अहो, तो एका दिवसाचा विक्रम होता! सात मोटरमन, त्यांच्यात बोलायला खास टेलिफोन लाइन. उतारावर ब्रेक लावले की वीज तारेत परत जाते. २५ संचांची वीज एकदम नको, म्हणून वेग ताशी ३५ च्या आसपास. डोंबिवलीकर तेवढ्यावर ऐकतील?

शेवटचा_डबा: घाट सोडा हो. जून २०२४ च्या ब्लॉकमध्ये (कामासाठी गाड्या बंद ठेवल्या तेव्हा) सीएसएमटीचे १० आणि ११ नंबर फलाट २४ डब्यांसाठी वाढवले की नाही?

यार्डमास्तर: मेलगाड्यांसाठी. मेल फलाटावर आरामात उभी राहते, लोकलमागे तीन-चार मिनिटांत दुसरी लोकल असते. १२ डबे म्हणजे सुमारे २५० मीटर, तुमची गाडी अर्धा किलोमीटर. तिचं शेपूट सांध्यावरून (गाडी रूळ बदलते ती जागा) सरकेपर्यंत शेजारच्या लाइनचा मार्ग लागणार नाही आणि मागचीला लाल सिग्नल. शिवाय कल्याणला दुसरी गाडी भरलेल्या फलाटावर कॉलिंग-ऑनवर (पुढे गाडी असतानाही हळू आत घेणारा सिग्नल) रांगत येणार, जोडणार, मग ब्रेक तपासणार. तोवर तो फलाट अडकला. एक पाथ (वेळापत्रकातली एका गाडीची जागा) वाचवायला दोन घालवाल.

बदलापूरची_ताई: आणि मेलला वाट देत कसारा लोकल आसनगावला रखडली की आम्ही कल्याणला तिची वाट बघत बसायचं? आमचं कसाऱ्याशी काय देणंघेणं! लेडीज डबा नेमका कुठे येणार तेही सांगा. आत्ताच १२ ची १५ झाली की इंडिकेटर बघून फलाटभर पळावं लागतं. दादरला २४ डब्यांची माणसं एकदम जिन्यावर आली तर? २०१७ मध्ये एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ जण गेले, तेव्हा गाडी नव्हे, जिना अपुरा पडला होता.

विरार_फास्ट: ताईंशी सहमत, पण म्हणून काहीच करायचं नाही का? पश्चिमवर १५ डबा २००९ ला आली, २०२१ पासून अंधेरी-विरार स्लोलाही धावते. मध्यवर मात्र अजून मोजक्याच. आधी फलाट वाढवा, सगळ्या १५ करा.

शेवटचा_डबा: फलाट वाढेपर्यंत आम्ही रिटायर होऊ, साहेब. जोडून बघायला काय जातं? रविवारी करा ट्रायल.

यार्डमास्तर: रविवारी मेगाब्लॉक असतो.

बदलापूरची_ताई: 😂 ट्रायल कसारावाल्यांच्या दोन गाड्या जोडून करा. कर्जतची आमची आम्हाला राहू द्या.