प्रश्नांचा क्रम बदलणे पुरेसे नाही

ऑनलाइन परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला प्रश्न वेगळ्या क्रमाने दिले की नक्कल थांबते, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. क्रम बदलल्याने शेजारच्याचे उत्तर पाहणे अवघड होते. पण घरून परीक्षा देणाऱ्याच्या हाताशी पुस्तक असतेच, म्हणून प्रश्नपेढीतून समान काठिण्यपातळीचे निरनिराळे प्रश्न निवडले जावेत आणि त्यांत पाठांतरापेक्षा उपयोजनावर भर असावा. प्रत्येक उत्तर लगेच सर्व्हरवर जतन होत असेल, तर मध्येच इंटरनेट खंडित झाले तरी लिहिलेले वाया जात नाही. गेलेला वेळ भरून देण्याचा नियम मात्र शाळेने आधीच जाहीर करायला हवा. गणितातील पायऱ्या आणि भूमितीच्या आकृत्या कागदावरच काढून घ्याव्यात (आपल्याला टंकलेखनाची परीक्षा घ्यायची नाही!) व त्यांची छायाचित्रे अपलोड करण्यासाठी वेगळा वेळ द्यावा.