जुन्या लॅपटॉपचा घरचा सर्व्हर: मराठवाड्यातल्या उन्हात आणि लाईटीच्या लपंडावात हा उद्योग करावा का?

पूर्णाकाठ (परभणी)

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात एखादा चालू लॅपटॉप धूळ खात पडला असेल आणि तिघा-चौघांच्या हातात फोन असतील, तर त्या घरानं स्वतःचा सर्व्हर लावावा, म्हणजे सगळ्यांचे फोटो-फायली एका जागी ठेवून घरातल्या फोनवर दाखवणारा, कायम चालू राहणारा संगणक. मी दीड वर्षापासून चालवतोय.

लॅपटॉप २०१५ चा, आय-थ्री, ८ जीबी रॅम. स्क्रीनचा कोपरा फुटलेला, पण सर्व्हरला स्क्रीन लागते कुठं? त्यावर विंडोजऐवजी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. फोटोंसाठी इमिच आणि आबांच्या कीर्तनांच्या रेकॉर्डिंगसाठी जेलीफिन हे प्रोग्राम, आणि कागदपत्रांसाठी सांबा वापरून सगळ्यांना उघडता येणारं एक साधं फोल्डर. घरातले चारही फोन रात्री वायफायवर आले की फोटो आपोआप त्यात उतरतात. सुरुवातीला जुने फोटो एकदम टाकले, तेव्हा चेहरे ओळखायलाच त्या बिचाऱ्या आय-थ्रीला चार रात्री लागल्या. आता मुलीच्या नावावर बोट ठेवलं की बारशापासूनचे सगळे फोटो ओळीनं समोर येतात.

पण माझं खरं कारण फोटो नव्हतेच. आजोबांच्या लोखंडी पेटीत निजाम राजवटीतले कागद आहेत: उर्दूतली सेतवारं (शेतजमिनीच्या सरकारी नोंदी), दोन-तीन मोडीतले कागद. २०२३ च्या अखेरीस मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सगळी भावकी ती पेटी उघडायला आली. हातोहाती फिरून चारच दिवसांत घड्यांवर कागद फाटायला लागला. मी घाबरलो आणि सगळं स्कॅन करून घेतलं. आता भावकीतल्या कुणाला काही लागलं, की सर्व्हरवरची प्रत पाठवतो. पेटीला हात लावावा लागत नाही.

पैशांचंही बोलू. माझ्या मीटरवर लॅपटॉप सरासरी १२ वॅट खातो. वर्षाचे साधारण १०५ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी ८४० रुपये. माझा सगळा पसारा ७०० जीबीचा आहे. तो ढगात, म्हणजे गूगलसारख्या कंपनीच्या क्लाउडवर, ठेवायचा तर २ टीबीचा प्लॅन घ्यावा लागला असता, आणि मी चौकशी केली तेव्हा तो महिन्याला ६५० रुपये होता.

नांदेडचा दुरुस्तीवाला

पूर्णाकाठ दादा, तुमचा हिशेब तुमच्यापुरता बरोबर आहे. तो ‘प्रत्येक घरानं’ म्हणून सांगू नका, एवढंच माझं म्हणणं.

माझं दुकान चौदा वर्षांचं आहे. दर उन्हाळ्यात बंद पडलेल्या डिस्क घेऊन माणसं येतात, आणि डोळ्यात पाणी आणून म्हणतात, ‘पोरीच्या लग्नाचे फोटो तेवढे काढून द्या.’ बहुतेकांची एकच गोष्ट असते: सगळं एकाच डिस्कवर होतं. आता तुमचं वाचून कुणीतरी दहा वर्षं जुन्या लॅपटॉपमधली तीच जुनी डिस्क वापरणार, फोनमधले फोटो उडवणार, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते यंत्र २४ तास चालवणार. सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या तरी तो बॅकअप होत नाही, कारण चुकून खोडलेली फाईल दोन्हीकडून एकाच वेळी जाते.

आणि साध्या घराला ७०० जीबी कुठं लागतात? गूगलवर १५ जीबी फुकट मिळतात. ते भरले तर १०० जीबीचा प्लॅन घ्यावा, घरातल्या आणखी पाच जणांत तो वाटून घेता येतो. जोडीला एक पोर्टेबल डिस्क कपाटात ठेवावी. माझ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो.

बॅटरीचं काय केलंत? कायम चार्जरवर राहिलेली बॅटरी फुगते. फुगून टचपॅड वर आलेले लॅपटॉप माझ्याकडं महिन्याला दोन-तीन येतात. ती गोष्ट देवघराजवळ-बिवघराजवळ ठेवली असेल तर आजच उचला.

पूर्णाकाठ

भाऊ, बॅटरीचं तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण माझा सगळ्यात मोठा दणका तिथंच बसला.

लाईट गेली की लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, म्हणून मी निर्धास्त होतो. पण फोटो होते बाहेरच्या मोठ्या ३.५ इंची डिस्कवर, आणि तिला वेगळा अडॅप्टर. म्हणजे लाईट गेली की लॅपटॉप जागा आणि डिस्क मेलेली. दिवसातून पाच-सहा वेळा असं व्हायचं. एकदा फोटो उतरत असतानाच लाईट गेली आणि डिस्कची फाईल-व्यवस्था बिघडली. दुसरी प्रत होती म्हणून वाचलो, पण सगळं परत आणायला दोन दिवस गेले. तेव्हापासून २.५ इंची डिस्क वापरतो. ती यूएसबीवरूनच वीज घेते, म्हणजे लॅपटॉप जिवंत तोवर तीही जिवंत. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. ज्यांना सुरू करायचंय त्यांनी बाकी सगळं विसरा, ही डिस्कची गोष्ट मात्र लक्षात ठेवा.

बॅटरी ६० टक्क्यांवर अडवून ठेवलीय, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ती सोय होती. ज्या लॅपटॉपमध्ये नसेल त्यानं बॅटरी काढून छोटा यूपीएसच घ्यावा. जागाही बदलली. आधी कोनाड्यात होता. मे महिन्यात डिस्कचं तापमान ५१ अंश दाखवायला लागलं, म्हणून माजघरात उत्तरेच्या भिंतीशी फरशीपासून वीतभर उंच फळीवर ठेवला. तिथं ४४ च्या वर गेलं नाही.

उस्मानपुरा_होस्टेल (छत्रपती संभाजीनगर)

दादा, घराबाहेर असताना सर्व्हर कसा उघडता? आमच्याकडं राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून बघितला, काहीच पोचत नाही.

पूर्णाकाठ

राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघ. १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तो तुझ्या एकट्याचा पत्ता नाही, कंपनीनं अनेक घरांना मिळून दिलेला आहे. त्याला सीजीनॅट म्हणतात. तिथं पोर्ट उघडून उपयोग नाही. मी टेलस्केल वापरतो. घरातला सर्व्हर आणि आपले फोन यांच्यात खाजगी जोडणी तयार होते, आणि घरगुती वापराला पैसे पडत नाहीत.

नांदेडचा दुरुस्तीवाला

पोर्ट उघडता येत असला तरी उघडू नकोस रे बाबा. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीच्या प्रोग्रामनं घरोघरचे असेच स्टोरेजचे डबे कुलूपबंद केले होते. जे थेट इंटरनेटला उघडे होते तेच सापडले.

आणि दादा, टेलस्केलही कंपनीच आहे की. ‘आपलं घर, आपला सर्व्हर’ म्हणता, पण दाराची किल्ली परत दुसऱ्याकडंच.

पूर्णाकाठ

किल्ली नाही, पत्ता सांगणारा माणूस म्हणा. माहिती जाते ती वायरगार्ड नावाच्या सांकेतिक कुलपातून, आणि ते कुलूप दोन्ही टोकांना आपल्याच यंत्रांवर लागतं. उद्या ती कंपनी बंद पडली तर मला बाहेरून फोटो दिसणार नाहीत, पण घरात वायफायवर सगळं जसंच्या तसं चालेल. एवढा फरक मला पुरतो.

खडू_फळा (हिंगोली जिल्हा)

मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. घरच्या सर्व्हरचं मत देण्याआधी एक सांगतो. आमच्या गावात रेंज गच्चीवर मिळते, वर्गात नाही. घरी असाच एक जुना लॅपटॉप होता. त्यावर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारा प्रोग्राम) टाकून मराठी विकिपीडिया उतरवून घेतला, थोडे प्रयोगांचे व्हिडिओ टाकले. सकाळी पिशवीतून शाळेत नेतो, साध्या राउटरला जोडतो. इंटरनेट नाही, सिम नाही, तरी दहा-बारा टॅबवर पोरं ज्वालामुखी वाचतात, आपल्या पूर्णा नदीचं पान शोधतात. संध्याकाळी तोच लॅपटॉप घरी परत येऊन घरचे फोटो सांभाळतो.

दुरुस्तीवाल्या भाऊंना माझं एवढंच म्हणणं: जिथं इंटरनेटच धड नाही, तिथं ढगातला प्लॅन घेऊन माणूस काय करणार? आमच्यासाठी जवळ असलेली माहिती हीच खरी.

मांजराकाठ (औसा)

गुरुजींचं पटलं. पण ‘जवळ’ या शब्दावर मला बोलायचंय.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी सात वर्षांचा होतो, आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. सगळं खाली आलं. आम्ही चौघं वाचलो, आजी आणि धाकटी आत्या गेली. आमच्याही घरी पूर्णाकाठ दादांसारखीच एक पेटी होती. कागद, दागिन्यांची यादी, आणि आत्याचा एकुलता एक फोटो, लातूरच्या स्टुडिओत काढलेला. पेटी सापडली ती चेपून, पावसाच्या चिखलानं भरलेली. आत्याचा चेहरा आज आमच्यापैकी कुणाकडंच नाही. मला तो आठवतो असं मी म्हणतो, पण खरंच आठवतो का, याची खात्री वाटत नाही.

म्हणून माझं मत: सर्व्हर लावा, जरूर लावा. पण त्याची एक प्रत अशा घरात असू द्या की जे आपल्या घराबरोबर पडणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा, मांजरेचं पाणी किती घरांत शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. कपाटातली पोर्टेबल डिस्क त्याच पाण्यात भिजते, हे दुरुस्तीवाल्या भाऊंनाही सांगतो.

नांदेडचा दुरुस्तीवाला

दादा, वाचून हात थांबले. कपाटातल्या डिस्कचं मी इतकी वर्षं सांगत आलो, ते अर्धवटच होतं. यापुढं ‘कपाटात, पण दुसऱ्याच्या गावातल्या’ असं सांगीन.

जालन्याची_सून

सगळे पुरुष बोलायलेत, म्हणून मी लिहिते.

आमच्या घरी सर्व्हर आहे. यांनी हौसेनं लावला, छान चालायचा. माझे, मुलांचे, सासूबाईंचे फोटो त्यातच. मागच्या वर्षी यांची बदली पुण्याला झाली. दुसऱ्याच महिन्यात एकदा दिवसभर लाईट नव्हती, आणि परत आल्यावर सर्व्हर काही उठला नाही. मी फोन केला तर म्हणतात, ‘त्या काळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय वाच.’ मी वाचते, ते सांगतात तसं टाइप करते, एक अक्षर चुकतं, परत पहिल्यापासून. स्वयंपाक राहिला, पोरं उपाशी, सासूबाई विचारतात फोटो गेले का. शेवटी हे तीन आठवड्यांनी आले तेव्हा दहा मिनिटांत सुरू झाला. ते तीन आठवडे घरातल्या एकाही बाईला स्वतःच्या लेकराचा फोटो बघता आला नाही, कारण फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून फोनमधले काढून टाकलेले.

तुम्ही ‘आपला सर्व्हर’ म्हणता. तो घराचा नसतो हो, एका माणसाचा असतो. पासवर्ड त्याच्या डोक्यात, वायर कुठली कुठं ते त्यालाच ठाऊक. उद्या त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर? गूगलच्या खात्यात तरी आपल्यामागं माहिती कुणाला द्यायची ते लिहून ठेवायची सोय आहे. तुमच्यापैकी किती जणांनी घरच्या सर्व्हरची तशी सोय केलीय, ते खरं सांगा.

नांदेडचा दुरुस्तीवाला

ताई, मी इतकं लिहिलं, पण हे मला सुचलं नाही.

उस्मानपुरा_होस्टेल

माझ्या आईलाही जमणार नाही. खरंय.

पूर्णाकाठ

ताई, तुमचं काल दुपारी वाचलं. उत्तर द्यायला एक दिवस घेतला, कारण आधी घरी विचारलं. बायकोला म्हटलं, ‘मी नसलो आणि फोटो दिसेनात, तर काय करशील?’ ती म्हणाली, ‘तुम्ही यायची वाट बघीन.’ माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. आजोबांच्या पेटीची किल्ली कुठं आहे ते घरातल्या लहान पोरालाही माहिती होतं, आणि मी तिचे कागद अशा जागी नेऊन ठेवले की जिथं माझ्याशिवाय कुणी पोचू शकत नाही.

तरी माझं मत मी मागं घेत नाही. एवढं बदलतो: ज्या घरात दुसरं माणूस शिकायला तयार आहे त्याच घरानं सर्व्हर लावावा, आणि तोवर फोनमधला एकही फोटो काढू नये.

काल रात्री शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर बंद-चालू करायच्या पायऱ्या, दुसऱ्यावर पासवर्ड, तिसऱ्यावर डिस्क काढून कुठल्याही संगणकाला कशी जोडायची ते. डिस्कवर फोटो वर्ष आणि महिन्याच्या साध्या फोल्डरात ठेवले, म्हणजे इमिच नसलं तरी उघडतील. डिस्क डेबियनच्या पद्धतीची होती, ती विंडोजवर दिसली नसती. म्हणून बहिणीकडं अंबाजोगाईला ठेवायची जी प्रत आहे, ती एक्सफॅट या पद्धतीवर केली, ती विंडोजवरही उघडते. मांजराकाठ दादा, ती दर सणाला बदलायची असं ठरलंय.

नांदेडचा दुरुस्तीवाला

डिस्कच्या पाठीवर मार्करनं तारीख घाला. आणि वही लिहून भागत नाही, तिच्या हातून एकदा करून घ्या. तुम्ही शेजारी बसायचं नाही.

पूर्णाकाठ

आज केलं. मुद्दाम सगळं बंद करून ओट्यावर जाऊन बसलो. बायकोला सर्व्हर परत उठवायला २२ मिनिटं लागली. दोन ठिकाणी अडली. मी वहीत ‘राउटर’ लिहिलं होतं, घरात सगळे त्याला वायफायचा डबा म्हणतात. आणि पासवर्डातलं शून्य तिनं इंग्रजी ओ वाचलं. दोन्ही दुरुस्त केलं. पुढच्या रविवारी मुलगी करणार आहे.

जालन्याची_सून

त्या तीन पानांचे फोटो इथं टाकता का दादा? पासवर्डाचं पान सोडून. यांना पाठवते.