साथीला बसणारा मित्र गाव सोडून गेला तेव्हा... (अनुभव धागा)

पेटीवाला
आज बायकोला ताप, म्हणून कणीक मी मळली. परातीत हात घातला आणि एकदम आमचा पखवाजी आठवला. मग पोळ्या राहिल्या बाजूला.

आमचं गाव कुडाळजवळ. मी पेटीवर, तो पखवाजावर, अकरावीपासून. गणपतीत घरोघरी भजनं. कुणाच्या खळ्यात शिरलो की बाकीचे देवासमोर बसायचे, हा थेट चुलीकडे. "काकी, वायच कणीक दी गे." गोळा भिजवून डाव्या तोंडाला थापायचा, एक थाप मारायचा, कान लावायचा, चिमटीने थोडी काढायचा, परत थाप. तो घुमारा मनासारखा लागेपर्यंत मला पेटी उघडू द्यायचा नाही. गजर रंगला की माझ्याकडे बघायचाही नाही, तरी मी कुठे थांबणार ते त्याला आधीच कळलेलं असायचं.

2001 च्या मे महिन्यात त्याला मुंबईत नोकरी लागली. आदल्या रात्री देवळात शेवटचं भजन केलं. भैरवी झाली, कुणी उठेना. तो नखाने वाळलेली कणीक खरवडत बसला होता. एरवी दोन मिनिटांचं काम, त्या दिवशी किती वेळ खरवडत होता.

दुसऱ्या दिवशी रात्रीची कोकणकन्या. स्टेशनवर आम्ही सातजण. बोललो काय, तर डबा घेतलास का, पाण्याची बाटली घेतलीस का. गाडी सुटली.

तुमच्यातलं कोण असं गेलं असेल तर लिहा. मोठं लिहायला पाहिजे असं नाही.

तिसरी_रांग
पुणे, ढोल पथक. मैत्रीण मास्टर्सला जर्मनीला गेली. नदीपात्रातला शेवटचा सराव, पाऊस, ढोल प्लॅस्टिकखाली. ती म्हणाली, पाऊस थांबेपर्यंत थांबू. थांबलाच नाही. मग आम्ही दोघी नुसत्या मांडीवर हात वाजवत बसलो, पहिला हात, दुसरा हात, सगळे. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, माझ्याकडे ठेवून गेली. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवरून तिला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुसती खरखर ऐकू जात होती म्हणे, तरी तिने चाळीस मिनिटं फोन ठेवला नाही. रांगेत माझ्या उजवीकडे आता दुसरी मुलगी असते, छान वाजवते. पण वळताना मी अजून जर्मनीवालीच्याच नावाने हाक मारते.

सईची_आई
पेटीवाला, वाचून डोळे भरले. कुकर झालाय, नंतर लिहिते.

मद्रासकर
कणकेवरून सांगतो, इकडे चेन्नईत मृदंगमच्या डाव्या तोंडाला रवा भिजवून लावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं उपमा करतायत :) पेटीवाला, कणकेत तेल-मीठ असतं का?

पेटीवाला
नाही, दोन्ही नाही. नुसतं पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा चिकट राहिली पाहिजे, नाहीतर मध्येच सुटून पडते.

चाळ_नंबर_चार
आमची बेंजो पार्टी, परळची. आमचा बेंजोवाला कुठे परदेशात नाही गेला, विरारला गेला. चाळ पाडायला घेतली, भाडं परवडेना. लोक म्हणतात विरार काय लांब आहे. चर्चगेटपासून 60 किलोमीटर. पण आमची प्रॅक्टिस सुरूच व्हायची रात्री साडेदहाला, सगळे कामावरून आल्यावर. त्याला शेवटची गाडी पकडायची असायची. आधी अर्धा तास लवकर निघायला लागला, मग आठवड्यातून एकदा, मग फक्त गणपतीत. निरोप असा दिलाच नाही कधी. एक दिवस लक्षात आलं की बेंजोची ऑर्डर आली तर आपण कीबोर्डवाल्याला विचारतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. एक चहा तरी पाजायला हवा होता सगळ्यांनी मिळून.

तिसरी_रांग
@चाळ_नंबर_चार अहो दादा, आजही पाजता येईल की. विरारच तर आहे.

चाळ_नंबर_चार
खरंय ताई. रविवारी जातो.

बर्फातला_तबला
मी जाणाऱ्यांपैकी. टोरंटो, आता बारा वर्षं. नाशिकला आमचा चौघांचा ग्रुप होता, सुगम संगीताचे कार्यक्रम करायचो. व्हिसा आल्यावर तीन आठवडे मी कुणाला सांगितलंच नाही. रोज तालमीला जायचो, आज सांगू म्हणायचो, आणि गाणं सुरू झालं की राहून जायचं. गायिका ताईंना बाहेरून कळलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अरे, आधी सांगितलं असतंस तर मी त्या बंदिशी तुझ्याबरोबर आणखी एकदा गायले असते." ते वाक्य विमानात, इथे, सगळीकडे ऐकू येत राहिलं.
इथे थंडीत घरात हीटर चालतो, हवा कोरडी, कातडं ताणतं, तबला चढतो. पहिल्या जानेवारीत एक पुडी, म्हणजे वरचं कातडं, तडकलीच. खोलीत तबल्याशेजारी पाण्याचं भांडं ठेवतो आता. ताईंना मागच्या महिन्यात फोन केला, तासभर बोललो.

सईची_आई
आले परत. माझी व्हायोलिनवाली मैत्रीण लग्न होऊन इंदूरला गेली. लिहायला बसले आणि तिलाच फोन लावला, आता दोघी बोलतोय. बाकी उद्या.

मद्रासकर
पेटीवाला, पखवाजाचं काय झालं? घेऊन गेला का तो?

पेटीवाला
नाही. मुंबईत तेव्हा चाळीच्या एका खोलीत सहाजण राहायचे, ठेवणार कुठे. माझ्याकडे ठेवून गेला. स्टेशनवर डबा-बाटलीचं बोलून झाल्यावर, गाडी हलता हलता म्हणाला, "बुवा, तुझ्याच सुरात लावन ठेवलंय."
घरी येऊन बघितलं. माझी पट्टी काळी तीन, अगदी चोख. मंडळात दुसरा पखवाजी आला, तो स्वतःचा पखवाज घेऊन आला. ह्याच्या गट्ट्यांना, म्हणजे सूर लावायच्या लाकडी ठोकळ्यांना, मी कुणाला हातोडी लावू दिली नाही. जूनमध्ये पाऊस लागला. खोळ घालून फळीवर ठेवला होता, तरी दमट हवेनं रोज थोडा थोडा उतरत गेला. मी रोज पेटीवर सूर धरून बघायचो. नागपंचमीला राहवलं नाही, हातोडी घेतली, आणि तो ठोकायचा तसे एकेक गट्टे ठोकत बसलो.