‘कमल’ चालते, ‘सुनीता’ का नाही?

पागडीवाला: दादरच्या एका वाचनालयासाठी जँगोत (वेबसाइट बनवायच्या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये) सभासद नोंदणीचं पान केलं. रविवारी ज्येष्ठांना समोर बसवून चाचणी घेतली. कमलताईंचं खातं झटक्यात उघडलं, सुनीताताईंचं काही केल्या उघडेना. बटण दाबलं की तेच पान परत, चकार शब्द नाही. गंमत म्हणजे शेलमधून, म्हणजे थेट कमांड लिहून, ‘क्रिएट युजर’ केलं की सुनीता आरामात बसते. दोन तासांनी उलगडलं. फॉर्ममधला युजरनेमचा नियम बॅकस्लॅश डब्ल्यूवर, म्हणजे ‘अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर’ या खुणेवर चालतो, आणि पायथॉनच्या लेखी काना, वेलांटी, उकार ही अक्षरंच नाहीत. कमलला यातलं काहीच नाही, म्हणून ती सुटली. शेलमध्ये हा नियम लागतच नाही. ज्याला वेलांटी कळत नाही तो तयार फॉर्म आपल्या लोकांसमोर ठेवूच नये, असं माझं मत.

स्लो लोकल: फ्रेमवर्कवर खापर कशाला? पान गप्प बसलं, कारण तू टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) फॉर्मचे एरर्स छापलेच नसणार. आणि युजरनेम म्हणजे नाव नव्हे. तिथे सभासद क्रमांक घे, नाव फर्स्ट नेममध्ये लिही. तिथे हा नियम नाही. मराठी युजरनेम दिलंस तर आज ‘सुनीता’, उद्या ‘सुनिता’, आणि लॉगिन बंद.

पागडीवाला: छापले नव्हते, कबूल. पण छापल्यावर काय दिसलं? फक्त अक्षरं, आकडे आणि अमुक चिन्हं चालतील. सुनीताताई विचारतात, “मग मी काय लिहिलं?”

चाळकरी: आमच्या सोसायटीत वेगळंच. निम्म्या लोकांनी पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर टाकला. नुसते आकडे म्हणून जँगोने नाकारला. तो नियम मात्र मी काढणार नाही, शेजाऱ्याचा नंबर सगळ्या मजल्याला पाठ असतो. बाकीची खाती एक्सेलमधून भरताना मी ‘क्रिएट युजर’ऐवजी नुसतं ‘क्रिएट’ वापरलं. पासवर्ड हॅश न होता, म्हणजे न ओळखता येणाऱ्या रूपात न बदलता, जसेच्या तसे टेबलात, लॉगिन एकाचंही नाही. ही चूक माझीच.

स्लो लोकल: बघ! पागडीवाले, नियम बदलायचाच असेल तर स्वतःचं युजर मॉडेल (खात्याची रचना) कर. जँगोच्या १.५ आवृत्तीपासून सोय आहे, पण ते पहिल्या मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसात टेबलं उभी करण्याच्या, आधी करायचं असतं. नंतर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

पागडीवाला: पाचच खाती आहेत. डेटाबेस पाडतो आणि नव्याने उभा करतो. सुनीताताईंना क्रमांक पाठ करायला लावणार नाही.

स्लो लोकल: कर. ऱ्हस्व-दीर्घाचे फोन तुझ्याकडे वळवतो.