एमएस (माइल्ड स्टील) बारचा यंग मॉड्युलस (ओढीला किती ताठ ते) १६२ गिगापास्कल येतोय, पॉयसन गुणोत्तर (लांबताना आडवं किती आकसतं ते) मात्र बरोबर. गफलत कुठं?

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष
प्रोजेक्टसाठी एमएसचा १२ मिमी ब्राइट बार (थंड ओढून गुळगुळीत केलेली सळई) यूटीएमवर (ओढून तपासायच्या मशीनवर) ओढला. मधोमध एकाच बाजूला दोन स्ट्रेन गेज (मूळ लांबीच्या मानानं किती ताणलं ते, म्हणजे स्ट्रेन, मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवलेत, एक उभा, एक आडवा. २० किलोन्यूटनला उभा १०९० मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचा दशलक्षांश), आडवा उणे ३१६. क्षेत्रफळ ११३.१ चौरस मिमी, म्हणजे स्ट्रेस १७६.८ मेगापास्कल. यंग निघाला १६२ गिगापास्कल, पॉयसन ०.२९. पुस्तकात स्टीलला २०० ते २१० दिलंय. व्यास मायक्रोमीटरनं घेतलाय, गेज फॅक्टर (गेजच्या रेझिस्टन्सवरून स्ट्रेन काढायचा आकडा) पाकिटावरचाच टाकलाय. शिअर (कातरायच्या भाराला ताठपणा) आणि बल्क (चहूकडच्या दाबाला ताठपणा) मॉड्युलस काढायचे अडकलेत.

शिरोली_फौंड्री
बार एमएसचाच ना नक्की? एसजी आयर्नचा (गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाचा) यंग १६०-१७० च्या घरात असतो. आणि कोल्हापुरात एसजीला काय तोटा!

उद्यमनगर_लेथवाले
एसजी ओततात भावा, त्याचा ब्राइट बार कोण ओढतंय? शंका असंल तर उरलेल्या तुकड्यावर एक कट मार. एमएसची चिप लांब कुरळी निघते, एसजीची तुटक येते नि बोटं काळी करते.

आता पोरा, तुझं. पॉयसन बरोबर आलाय ना, तिथंच मेख आहे. दोन्ही गेज एका जागी. तिथं जादा स्ट्रेन आला तो दोघांना एकाच पटीत आला आणि भागाकारात उडाला. यंगमध्ये तो उडत नाही, कारण स्ट्रेस तू नुसता भार भागिले क्षेत्रफळ असा घेतोस. व्यास नाहीतर गेज फॅक्टर चुकला तरी असंच दिसतं, पण ते तू बघितलंयस. मला वाटतं बार जबड्यात मधोमध धरला गेला नाही. ओढताना वाकतोय आणि तुझे गेज जास्त ताणाच्या अंगाला आलेत. बरोबर समोरच्या अंगाला एक उभा गेज लाव, दोन्ही उभ्यांची सरासरी घे. शिवाय एकट्या २० वर भिस्त नको. ५, १०, १५ ला पण वाचून रेषेचा उतार काढ, शून्याचा घोळ निघून जातो.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष
काका, लावला. २० ला समोर फक्त ६३४! सरासरी ८६२, यंग २०५. उतारानंही तेवढाच.

उद्यमनगर_लेथवाले
मग पुढचं सोपं. शिअर म्हणजे २०५ भागिले २.५८, ७९.५ गिगापास्कल. बल्कला तीन गुणिले (१ वजा ०.५८), म्हणजे १.२६ नं भाग, १६३ च्या आसपास.

आणि हे बघ: वाकण्याचा स्ट्रेन २२८ (१०९० वजा ८६२), सरळ ओढीचा ८६२. गोल बारला हे गुणोत्तर आठ गुणिले सरक (ओढीची रेषा बारच्या अक्षापासून किती बाजूला ते) भागिले व्यास. सरक आली ०.४ मिमी. सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आठवा भाग! तेवढ्यानं यंग ४३ नं खाली.

बार त्याच्याच अक्षाभोवती अर्धा फिरवून पुन्हा धर. दोन्ही उभ्या गेजच्या आकड्यांची अदलाबदल झाली तर दोष जबड्याचा, तसेच राहिले तर बारच वाकडा. काय आलं ते टाक हितं.