माशांची टाकी घरीच बांधावी, पण बुटकी

निळाकाठ

घरी फिशटँक बांधायचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, काचा कापून आणा, सिलिकॉन लावा, झालं काम. दुसरा म्हणतो, त्या भानगडीत पडू नका, एखाद्या रात्री घरभर पाणी होईल. मला दोन्ही पटत नाहीत. टाकी जरूर घरी बांधावी, फक्त ती उंचीला कमी आणि लांबी-रुंदीला ऐसपैस असावी.

बाजारातल्या बऱ्याच तयार टाक्या बघणाऱ्याच्या सोयीच्या असतात. उंच, अरुंद, कोपऱ्यात मावणाऱ्या. मासा मात्र बहुतेक वेळ आडवा पोहतो. कोरिडोरस आणि लोच तर तळाशीच वावरतात, त्यांना वरच्या अर्ध्या टाकीचा जवळपास उपयोगच नाही. शिवाय पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो तो मुख्यतः पृष्ठभागातून.

दोन टाक्या घ्या. पहिली ६० सेंमी लांब, ३० रुंद, ६० उंच: काठोकाठ १०८ लिटर. दुसरी ९० लांब, ४५ रुंद, ३० उंच: सुमारे १२१ लिटर. पाणी जवळपास सारखंच. पण पहिलीचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंमी आणि दुसरीचा ४,०५०. सव्वादोन पट!

आता काचेचं बघू. काचेवरचा दाब पाणी किती आहे यावर नाही, किती खोल आहे यावर ठरतो. ६० सेंमी उंच टाकीच्या समोरच्या काचेवर एकूण जोर शंभर किलोच्या पुढे जातो. ३० सेंमीच्या टाकीत समोरची काच दीडपट लांब असूनही तो चाळीस किलोच्या आसपास राहतो. काचेची जाडी काढताना हौशी लोक साधारण ३.८ हा सुरक्षा गुणांक धरतात, म्हणजे काच लागते त्याच्या ३.८ पट मजबूत घेतात. वरची कड मोकळी धरून त्या हिशेबाने उंच टाकीला ८ मिमीसुद्धा थोडी कमी पडते, म्हणजे १० मिमी घ्यावी लागते. बुटकीला साडेचार मिमी पुरते. तिथे ६ मिमी घेतली की निर्धास्त.

म्हणजे माशाला जो आकार मानवतो तोच नवशिक्याच्याही आवाक्यातला आहे. एवढं असताना लोक पहिल्याच खेपेला दोन फूट उंच टाकी का बांधायला घेतात, हे मला कळत नाही.

पाणसळ

निळाकाठ, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. घरी बांधलेली टाकी फुटते किंवा गळते ती बहुतेक वेळा काच पातळ होती म्हणून नाही. काचेच्या कडेला कापताना टवका उडालेला असतो. स्टँड एका कोपऱ्यात दोन मिमी खाली असतो, त्यामुळे तळाची काच पिळवटते. तळाखाली वाळूचा एखादा खडा राहतो. जोडात हवेची पोकळी राहते. यातली एकही गोष्ट उंची कमी केल्याने जात नाही.

कारखान्यात काचा धरायला साचे असतात, काम रोजचं असतं. घरी तुम्ही पाच काचा हातात धरून उभे, आणि सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरायला लागते. घाईत एक काच सरकली की तो जोड गेला.

आणि नुकसान फक्त तुमचं नसतं. १२० लिटर पाणी खालच्या मजल्यावर उतरलं तर ते शेजाऱ्याच्या घरात जातं. बुटकी टाकी हवी ना? मग मापं देऊन रोज टाक्या बनवणाऱ्याकडून करून घ्या. स्टँड, झाकण, फिल्टर, मागचा देखावा, हे सगळं हौसेने घरी करा. पाणी धरणारी पेटी तेवढी सरावलेल्या हातांवर सोडा.

निळाकाठ

पाणसळ, तुम्ही सांगितलेली कारणं खरी आहेत. पण त्यातलं प्रत्येक टाळता येतं, आणि टाळायला कारखाना लागत नाही.

कडा काचवाल्याकडूनच घासून घ्यायच्या. घरी आणल्यावर प्रत्येक कड उजेडात तिरकी धरून बघायची, आणि बोट न फिरवता जुन्या कापडाचा बोळा फिरवायचा. टवका असेल तिथे धागा अडकतो. अशी काच तिथल्या तिथे परत करायची.

मापातच अनेकांची गल्लत होते, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. वरची ९० × ४५ ची टाकी ६ मिमी काचेत करायची आहे, भिंती तळावर उभ्या राहणार आहेत आणि बाजूच्या काचा पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसणार आहेत. तर बाजूची काच ४५० मिमी नसते. त्यातून पुढची ६ आणि मागची ६ वजा करायची, आणि दोन्ही जोडांतल्या सिलिकॉनसाठी एक-एक मिमी सोडायचा. राहिले ४३६ मिमी. हा मिमी सोडला नाही तर काचेला काच टेकते, सिलिकॉन सगळं बाहेर पिळून निघतं आणि जोडात नावापुरतं उरतं. टाकीची ताकद दोन काचांच्या मधल्या त्या सिलिकॉनच्या थरात असते. आतून बोटाने ओढलेली सिलिकॉनची गोलाई त्याचं संरक्षण करते, भार पेलत नाही.

साच्याचं काम काटकोन तपासायचा गुण्या आणि मास्किंग टेप करतात. टेपचे तुकडे आधीच तळाच्या काचेखाली चिकटवून बाहेर मोकळे सोडायचे. मागची काच उभी केली की ते वर ओढून चिकटवायचे. मग एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी समोरची. सिलिकॉन न लावता हीच जुळणी आधी एकदा कोरडी करून बघायची. कडा ॲसिटोनने पुसायच्या आणि नंतर तिथे बोट लावायचं नाही. दोन माणसं हवीत, हे मात्र शंभर टक्के मान्य. एकट्याने करू नये.

तळाच्या खड्याला उपाय म्हणजे स्टँडवर सपाट प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ थर. सपाटी दाखवणारी पाणसळ (लेव्हल) लावून दोन्ही दिशांनी तपासायचं, तेही टाकी ठेवण्याआधी.

गोगलगाय

मी तिसऱ्याच कारणाने विरोधात आहे. "मासा आडवा पोहतो" हे सरसकट खरं नाही. एंजल बघा. पूर्ण वाढलेल्या एंजलची वरची-खालची परांची टोकं धरली तर उंची २० सेंमीच्या घरात जाते. त्याला ३० सेंमीच्या टाकीत ठेवायचं? त्यात खाली पाच-सहा सेंमी वाळू, वर दोन-तीन सेंमी रिकामी कड. उरतं काय? डिस्कसचंही तेच. या माशांना ४५ सेंमी तरी उंची हवीच.

बुटक्या टाकीचे इतर तोटेही लिहा ना. पृष्ठभाग मोठा म्हणजे बाष्पीभवन जास्त. उडी मारणारे मासे असतील तर घट्ट झाकण हवं. खोली कमी असल्यावर गुरामीसारख्या, वर येऊन हवा घेणाऱ्या माशांना सोपं जातं आणि खालच्या रोपांपर्यंत उजेड पोचतो, हे मी मान्य करते. पण आधी मासा ठरवा, मग टाकी. तुम्ही आधी टाकी ठरवून त्यात बसणारा मासा शोधताय.

जुनीकाच

नवी टाकी बांधायचा एवढा खटाटोप कशाला? कितीतरी लोकांकडे गळकी म्हणून टाकून दिलेली टाकी माळ्यावर पडून असते. काचा धड असतात, जाडी योग्य असते. गळतं तिथे आतून सिलिकॉनचा जाड थर द्या, झाली टाकी. टाकाऊ वस्तू वाचते आणि जोखीमही कमी.

पाणसळ

जुनीकाच, याला माझा नव्या टाकीपेक्षाही जास्त विरोध आहे. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. तुम्ही वरून दिलेला थर दिसायला भक्कम दिसतो, पण त्याच्या आणि जुन्या थराच्या मधून पाणी वाट काढतं. दुरुस्ती करायची तर आतली सगळी गोलाई ब्लेडने खरवडून, काच स्पिरिटने किंवा ॲसिटोनने स्वच्छ करून चारी बाजूंनी एकदम नवी द्यावी लागते. आणि काचांच्या मधला जोडच सुटला असेल तर टाकी पूर्ण उकलून पुन्हा बांधण्याला पर्याय नाही. म्हणजे निळाकाठ म्हणतात तेवढंच काम, वर खरवडण्याची मेहनत.

जुनीकाच

सगळी खरवडायची हे मान्य. तरी काचा तयार, मापात कापलेल्या मिळतात हा फायदा उरतोच. ओरखडे असतील तर ती बाजू मागे करा.

वाळूतळ

मध्येच थोडा इतिहास, कारण "सरावलेल्या हातांवर सोडा" हे मला खटकलं. १८३२ मध्ये झान व्हिल्लप्र-पॉवर या संशोधिकेने सिसिलीत आर्गोनॉट या समुद्री जीवाचा अभ्यास करायला स्वतः काचेच्या टाक्या करवून घेतल्या. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल कसा टिकतो ते मांडलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं १८५३ मध्ये. गरज असलेल्यांनी आपली टाकी आधी घडवली, धंदा नंतर आला.

पाणसळ

वाळूतळ, इतिहास आवडला, पण "करवून घेतल्या" हे तुम्हीच लिहिलंय. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं टाक्या धातूच्या चौकटीत पुट्टी भरून होत असत. सिलिकॉनने चौकटीची गरज संपवली, काम सोपं झालं, आणि त्यामुळेच लोकांना ते आहे त्याहून सोपं वाटायला लागलं.

थेंबभर

इतका वेळ सगळे काच, जोड, मिलिमीटर यांवर बोलताहेत. माशांचं काय? मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती टाक्यांत गळतीने मासे गेले नाहीत. अमोनियाने गेले.

होतं असं की माणूस इतके दिवस खपून टाकी बांधतो, आणि पाणी भरल्यावर त्याला रिकामी टाकी बघवत नाही. दुसऱ्या दिवशी मासे येतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू नव्या टाकीत जवळजवळ नसतातच. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि मासे वर येऊन तोंड उघडत राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळंच. ते एक-दोन दिवस पाणी उघडं ठेवून जातं, पण पाण्यात क्लोरामाइन हे दुसरं जंतुनाशक असेल तर नुसतं ठेवून जात नाही, त्यासाठी औषध घालावंच लागतं.

म्हणून माझा घरी बांधण्याला विरोध आहे. सगळा जीव पेटीत ओतला जातो आणि ज्यांच्यासाठी पेटी, ते शेवटी आठवतात.

निळाकाठ

थेंबभर, तुमचं दुखणं अगदी रास्त आहे, पण तयार टाकीवालेही नेमकं हेच करतात. उलट तिथे थांबायला काही कारणच नसतं.

घरी बांधताना थांबणं कामातच असतं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं, दिवसाला दोन-तीन मिमी. वर कोरडं लागलं तरी आत ओलं असतं. व्हिनेगरसारखा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी घालायचं नाही, मी आठवडाभर तरी हात लावत नाही. मग चाचणी: टाकी सांडपाण्याच्या जागी ठेवून, जोडांखाली कोरडा कागद घालून, तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शाने भरायची आणि भरलेली काही दिवस तशीच ठेवायची.

या सगळ्या काळात फिल्टर बादलीत चालवता येतो! स्पंज फिल्टर, एअर पंप, क्लोरीन काढलेलं पाणी आणि चिमूटभर माशांचं खाद्य. खाद्य कुजून अमोनिया होतो, त्यावर जीवाणू वाढतात. ते पाण्यात तरंगत नाहीत, मुख्यतः स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात. त्यामुळे टाकी तयार झाली की स्पंज उचलून तिच्यात ठेवला तरी वस्ती सोबत येते. अमोनिया आणि नायट्राइट चाचणीत शून्य दिसले की मगच मासे, तेही थोडे थोडे.

सिलिकॉन घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. न्हाणीघरासाठीच्या काही प्रकारांत बुरशी रोखणारं रसायन असतं, ते माशांना घातक. तसलं अजिबात नको.

थेंबभर

बादलीची युक्ती मान्य. पण स्पंज हलवताना सुकू देऊ नका आणि नळाखाली धुऊ नका, नाहीतर वाढवलेलं सगळं मरतं. आणि "शून्य दिसले की" हे वाक्य टाकी बांधायच्या प्रत्येक सूचनेत पहिल्या ओळीत लिहिलं जात नाही तोवर माझा विरोध कायम.

चिवट

कुणीच विजेबद्दल लिहिलं नाही म्हणून. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लावा. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली ठिबकतो. आणि वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा ब्रेकर हवाच.

अजून एक प्रश्न. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच घेतली तर पातळ चालेल ना?

पाणसळ

टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मिलिमीटर चुकला तर काच वाया. आणि तिला तडा जात नाही, ती एकदम बारीक तुकडे होऊन कोसळते. साध्या काचेला चीर गेली तर अनेकदा टाकी रिकामी करायला थोडा वेळ तरी मिळतो. घरी बांधणाऱ्याने साधीच घ्यावी, जाड घ्यावी.

निळाकाठ, ३० सेंमीपर्यंतचा माझा विरोध मी मागे घेतो. अट एकच: स्टँड भिंतीलगत, खोलीच्या मधोमध नको. तुमच्या त्या टाकीत काचच १८ किलोची होते, पाणी आणि वाळू धरून दीडशेच्या आसपास जाईल.

गोगलगाय

मग एंजलवाल्यांनी काय करायचं?

निळाकाठ

९० × ४५ × ४५ बांधायची. समोरच्या काचेवरचा जोर चाळीसवरून नव्वद किलोच्या वर जातो, म्हणून ६ मिमी विसरायची आणि ८ मिमी घ्यायची. वरच्या कडेला आतून चारी बाजूंनी पाच सेंमी रुंद काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या, काच मध्ये फुगत नाही आणि झाकणाला टेकू मिळतो. पण ही पहिली टाकी नसावी.

पाणसळ

४५ ला मी तयारच घ्या म्हणेन. दुसरी असो की पाचवी.